पूर्वेचं पाणी

जव्हार मागे पडलं, मोखाड्याची वळणं संपली,
त्र्यंबकला चहा झाला.
पुढे रस्ता खोदलेला, म्हणून निनादनं टेम्पो
गंगाव्हरेच्या अंगानं घातला
आणि धरणाच्या पाण्यापाशी येऊन
मागचं चाक बसलं.

साडेसहा. मार्गशीर्षातली थंडी.
आमच्याकडे थंडीसुद्धा ओली असते, ही कोरडी,
कानाला सुरीसारखी लागणारी.
मागे अकरा क्रेट : पापलेट, बोंबील, थोडी करंदी.
बर्फ ठिबकतोय. मी थेंब मोजते.
सवय आहे. थेंब म्हणजे पैसे.

निनाद जॅक शोधत कुणाच्या तरी आईला आठवतो.
मी उतरते आणि उभी राहते
जशी बंदरावर रोज राहते :
पाणी पाठीला, तोंड उगवतीला.
समोर काळोखच.
डोंगर, बाभळी, एक विझलेला दिवा.
बऱ्याच वेळानं कळतं,
मी उलटी उभी आहे.

सातपाटीत सूर्य घरांमागून येतो,
ताडांच्या पाठीवरून, कौलांवरून घसरत.
अंगणात पोचतो तेव्हा
माझी टोपली भरून झालेली असते.
आम्हा बायांच्या वाट्याला त्याचं बुडणं तेवढं.
पाण्यातून उगवताना तो पुरुषांना दिसतो,
आत, खोल दर्यात, जिथून जमीन दिसत नाही.
लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हरेश्वरला विचारलं होतं,
कसा दिसतो?
जाळं विणता विणता म्हणाला,
त्यात काय, उगवतो.

वळले.
पाण्यावर धुकं, रात्रीच्या भाताची वाफ
झाकण काढल्यावर उठते तसं.
पलीकडे मातीच्या भिंतीची लांब रेघ,
तिच्यावर नखाएवढं काही तांबडं.
मग ते नख राहिलं नाही.
खरं तर तो भिंतीमागूनच आला असणार.
मला पाण्यातून आलेला दिसला.
निथळत होता, शपथ.

तेवढ्यात त्याच उजेडातून
ट्रकच्या ट्यूबवर बसलेला एक म्हातारा आला,
हातांच्या पंजांनी पाणी मागे सारत.
चिंधू बेंडकोळी. नाव मी विचारलं नव्हतं.
जाळ्यात सात-आठ खिलापी, तळहाताएवढ्या.
मी हुंगलं. खाऱ्याचा मागमूस नाही.
हा कसला मासा, मनात म्हटलं,
आणि त्याला ते ऐकू आलं असावं, हसला.

क्रेट उघडून मी त्याला दोन बोंबील दिले.
त्यानं ते हातावर लटकवून पाहिले,
याला हाडं नाहीत का, म्हणाला.
मग नाकाशी धरले, डोळे मिटले.
समुद्र त्यानं पाहिला नव्हता,
नातवाच्या मोबाईलमध्ये पाहिला तेवढाच.
"तुमच्याकडं रोज बुडतो ना ह्यो?"
हो.
"मग चुर्र वाजत आसंल."

मी पन्नाशीला आले.
अशी किती संध्याकाळ बंदरावर बसले,
सुकत घातलेली मासळी उचलत, हिशोब घालत,
बोटींची वाट बघत.
कधी ऐकायचं सुचलंच नाही.
वाजतं, म्हटलं. पण हळू.

फोन काढला. हरेश्वरची बोट रेंजबाहेर.
आज तो तिकडे, पश्चिमेला, कितीतरी आत;
त्याच्याकडे हा अजून पोचायचा आहे,
आठ-दहा मिनिटं लागतील.
त्यालाही पाण्यातूनच दिसेल.
जाळं ओढता ओढता मान वर करील, न करील.

"काकी, स्टेपनी बसली!"
ऊन क्रेटवर आलेलं.
थेंबांची आता धार झालेली.
बाजार उठायच्या आत पोचायला हवं.
मी थेंब मोजत नव्हते,
किती वेळ, ते नाही सांगता येणार.
चिंधूनं एक खिलापी माझ्या मांडीवर टाकली,
बोंबलांच्या बदल्यात.

टेम्पो नाशिककडे वळला तसा
तो काचेवर आला, डोळ्यांत, सरळ.
निनादनं समोरची पट्टी खाली ओढली.
मी माझ्या बाजूची तशीच ठेवली.